मदत हवी आहे : जुन्या पोर्टेबल प्रोपेन ग्रिलला गॅस पुरत नाही, दोष नेमका कुठे शोधावा?

नमस्कार.

मी नाशिकला गंगापूर रोडच्या परिसरात राहतो. दोन महिन्यांपूर्वी आमच्याच सोसायटीतल्या एका कुटुंबाने घर बदलताना अमेरिकेहून आणलेले, पाय दुमडता येणारे एक लहान गॅस ग्रिल विकायला काढले आणि थंडीत गच्चीवर वांगी, कणसे, पनीर भाजता येईल या हौसेने मी ते घेतले. घेताना त्यांनी ते पेटवून दाखवले होते. ज्योत निळी होती, वास येत नव्हता, एवढ्यावर मी समाधान मानले. ती ज्योत किती उंच असायला हवी, हे विचारायचे मात्र मला सुचले नाही.

तक्रार अशी आहे की नॉब पूर्ण फिरवल्यावरही ज्योत करंगळीच्या नखाएवढीच राहते. नॉब साधारण एक तृतीयांश उघडेपर्यंत ती वाढते आणि त्यापुढे कितीही फिरवला तरी तिच्यात काडीचा फरक पडत नाही. झाकण लावून पंचवीस मिनिटे थांबलो तरी झाकणावरचा काटा २५० फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या पुढे सरकत नाही. परवा भरताचे एक वांगे पाऊण तास ठेवून पाहिले, तर त्याची साल जळण्याऐवजी सुरकुतली आणि आतला गर पाण्यात शिजवल्यासारखा लागला. घरात त्या भरताला काय नाव मिळाले, ते इथे लिहीत नाही.

आता जोडणीविषयी. हे ग्रिल मुळात एक पौंडाच्या फेकून देण्याजोग्या प्रोपेनच्या डब्यावर चालणारे आहे. तो डबा ग्रिलच्या बाजूला असलेल्या पितळी तोंडात फिरवून बसवायचा असतो. तसे डबे इथे सहज मिळत नसल्यामुळे आधीच्या मालकांनी लेथवर फिरवून एक पितळी निपल करून घेतला, तो त्या तोंडात बसवला आणि निपलवर नेहमीची नारिंगी सुरक्षा नळी चढवून पुढे आपला घरगुती रेग्युलेटर जोडला. मीही तीच जोडणी ठेवली आहे. टाकी आमच्या घरची दुसरी, १४.२ किलोची, भरलेली आहे आणि ग्रिल मी उघड्या गच्चीवरच वापरतो.

ग्रिलच्या पाठीवरच्या पट्टीवर प्रोपेनसाठी दाब पाण्याच्या ११ इंच स्तंभाइतका आणि उष्णता ताशी १०,००० बीटीयू, म्हणजे सुमारे २.९ किलोवॅट, असे छापलेले आहे. अकरा इंच म्हणजे साधारण २८० मिलिमीटर. आपला घरगुती रेग्युलेटर सुमारे ३०० मिलिमीटर, म्हणजे ३० मिलिबारच्या आसपास दाब देतो. दोन्ही आकडे इतके जवळचे असल्यामुळे दाबात खोट नसावी, असे मी धरून चाललो आहे. माझे काही चुकत असेल तर ते बहुधा इथेच असेल, म्हणून हा तपशील मुद्दाम दिला.

आतापर्यंत केलेल्या तपासण्या अशा. तीच टाकी आणि तोच रेग्युलेटर स्वयंपाकघरातल्या शेगडीला जोडला, तर मोठा बर्नर नेहमीसारखा जोरात चालतो. नळी एक वर्षाच्या आतली आहे, तिला कुठे पीळ किंवा चपटेपणा नाही, आणि साबणाच्या फेसाने पाहिले असता कोणत्याही सांध्यातून गळती नाही. जेट, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा, काढून उजेडासमोर धरला, तर भोक स्वच्छ आणि गोल दिसले. आईच्या जुन्या रॉकेलच्या स्टोव्हची पिन घरात अजून आहे, पण पितळी भोक पिनेने मोठे होते हे ठाऊक असल्यामुळे ती वापरली नाही आणि जेट फक्त मातीच्या तेलात भिजवून फुंकून घेतला.

बर्नरच्या नळीत मात्र खरोखरच माल सापडला. नळीच्या हवा घेणाऱ्या तोंडापासून चार बोटे आत कुंभारीण माशीने चिखलाचे घर बांधले होते. बोटाच्या पेराएवढ्या, वाळून टणक झालेल्या दोन कुप्या, आणि त्यांतल्या एकीत निपचित पडलेले चार-पाच कोळी. अमेरिकेतल्या ग्रिलच्या पुस्तिकांमध्ये या नळीत कोळ्याची जाळी होतात, ती काढा, असे बजावलेले असते. आमच्याकडे कोळी आणि त्यांना कोंडणारी माशी असे दोघेही एकत्र निघाले. वाटले, रोग सापडला. नळी धुऊन, वाळवून बसवली. ज्योत आता सगळ्या भोकांतून सारखी निघते, पण उंची तेवढीच.

थंडीचाही विचार केला. आपल्या टाकीत प्रोपेनबरोबर ब्युटेनही असते, आणि ब्युटेन शून्याच्या जवळपास, उणे अर्ध्या अंशाला उकळते, तर प्रोपेन उणे ४२ अंशांना. निफाडइतकी नसली तरी पहाटेची थंडी इथेही बऱ्यापैकी असते. परंतु भर दुपारीही ज्योत तशीच असते आणि टाकीवर घाम धरत नाही, म्हणून ते कारण मी सोडून दिले.

एका दुकानदाराने भट्टीसाठी वापरतात तो उच्च दाबाचा रेग्युलेटर लावण्याचा सल्ला दिला. जेट ज्या दाबासाठी पाडला आहे त्याच्या कितीतरी पट दाब त्याच्यावर घालणे मला धोक्याचे वाटले, म्हणून मी तो घेतला नाही. अडथळा नॉबच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे घरच्या घरी आणि सुरक्षितपणे कसे ठरवता येईल? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपल्या रेग्युलेटरला घड्याळासारखे दिसणारे सेफ्टी उपकरण जोडलेले आहे का? त्यांतल्या काहींमध्ये गॅसचा प्रवाह एकदम वाढला की वाट बंद करणारी झडप असते. अमेरिकेतल्या मोठ्या टाक्यांच्या जोडणीतही तशी झडप असते. ग्रिलचा नॉब उघडा ठेवून टाकी झटकन उघडली की ती अडकते आणि गॅस थेंबथेंब यावा तसा येतो. सगळे बंद करून, जोडणी सोडवून, थोड्या वेळाने पुन्हा सावकाश उघडले की ती पूर्ववत होते. इंटरनेटवर आपल्याला हाच उपाय सर्वाधिक आढळेल, परंतु तसे उपकरण आपल्याकडे नसेल तर त्यात वेळ घालवू नये.

प्रतिसाद २

मी सातपूरच्या एका कारखान्यात गॅसवर चालणाऱ्या भट्ट्यांच्या देखभालीचे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपला सगळा तपास व्यवस्थित आहे, फक्त पट्टीवरचा आकडा आपण चुकीच्या जागी लावला आहे. अकरा इंच हा दाब ग्रिलच्या जेटपाशी हवा आहे, ग्रिलच्या तोंडाशी नव्हे. डब्यावर चालणाऱ्या ग्रिलमध्ये नॉबच्या मागची जी जाड गोल डबी दिसते, ती नुसती कॉकची डबी नसून तिच्यात रेग्युलेटर असतो. एक पौंडाच्या डब्यातून थेट टाकीचा दाब येतो. प्रोपेनचा हा दाब २० अंशांना सात बारच्या वर असतो, म्हणजे आपल्या घरगुती रेग्युलेटरमधून येणाऱ्या दाबाच्या दोनशेपटींहून अधिक. एवढ्या दाबाला आत शिरायला सुईच्या टोकाएवढी वाट पुरते, म्हणून त्या डबीचे तोंड आतून तेवढेच अरुंद ठेवलेले असते.

आपण काय केले आहे, तर आधीच ३० मिलिबारवर उतरवलेला गॅस पुन्हा त्याच सुईच्या वाटेने पाठवला आहे. एकापाठोपाठ दोन रेग्युलेटर ठेवणे हे मुळात चूक नाही, मोठ्या जोडण्यांत तसेच करतात. पण तिथे पहिला रेग्युलेटर दुसऱ्याला पुरेल इतका दाब शिल्लक ठेवतो. नॉब एक तृतीयांशाच्या पुढे निरुपयोगी ठरतो याचे कारणही हेच, कारण त्यापुढे प्रवाह नॉब ठरवत नाही, त्याच्या अलीकडची अरुंद वाट ठरवते.

खात्री करायची असेल तर गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी दीड मीटर घ्यावी, इंग्रजी यू अक्षरासारखी एका फळीवर बांधावी, तिच्यात अर्ध्यापर्यंत पाणी भरावे आणि ग्रिलच्या अगदी अलीकडे सुरक्षा नळीत टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवून तिचे एक टोक त्याला लावावे. दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक हाच दाब. ग्रिल पेटवल्यावर हा फरक एकदम खाली आला तर दोष टाकीकडच्या बाजूला आहे. तो जवळजवळ तसाच राहिला आणि ज्योत तरीही बारीक असली तर गॅस ग्रिलच्या दारात उभा आहे, आत जात नाही. हे उघड्यावरच करावे आणि झाल्यावर टी काढून टाकावा. आपली गच्ची उघडी असली तरी कठड्याला पाणी जाण्याची भोके आहेत ना, हेही पाहावे, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि कठड्याच्या आत पाण्यासारखा साचतो. दुकानदाराचे आपण ऐकले नाही, हे उत्तम केले.

मूळ प्रश्नकर्त्याकडून

दोघांचेही मनापासून आभार. सेफ्टीचे उपकरण आमच्याकडे नाही. रविवारी सकाळी पाण्याची नळी बांधून मोजमाप घेतले. नॉब बंद असताना पातळीतला फरक ३२ सेंटिमीटर होता, ग्रिल पूर्ण पेटवल्यावर ३१. मग हीच नळी शेगडीला लावून मोठा बर्नर पेटवला, तर फरक २९ पर्यंत उतरला. याचा अर्थ ग्रिल शेगडीच्या एका बर्नरइतकाही गॅस ओढत नव्हते. निपल काढून पितळी तोंडात बॅटरी मारली, तेव्हा मधोमध एक पिन आणि तिच्यात जेमतेम दिसणारे छिद्र, हे माझ्या डोळ्यांनी पाहिले. इतके दिवस मी जेटचे भोक उजेडासमोर धरत होतो आणि त्याच्याहून बारीक भोक चार इंच अलीकडे होते.

भांडी बाजाराजवळ शेगड्या दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे ग्रिल नेले. त्यांनी ती डबी पूर्ण काढली, तिच्या जागी शेगडीला असतो तसा साधा पितळी कॉक बसवला, मूळ जेट कॉकच्या पुढे त्याच आट्यांत घेतला आणि सगळे सांधे फेस लावून तपासून दिले. काढलेली डबी मी जपून ठेवली आहे. मात्र या ग्रिलला एक पौंडाचा डबा किंवा उच्च दाबाचा रेग्युलेटर आता कधीही लावायचा नाही, असे पांढऱ्या रंगाने त्याच्या पोटावर लिहून ठेवले, कारण दाब उतरवणारे आत आता काही उरलेले नाही.

काल संध्याकाळी काटा वीस मिनिटांत ४५० फॅरनहाइटवर गेला आणि वांग्याची साल पापडासारखी सुटली. आता एकच शंका उरली आहे. नॉब पूर्ण उघडला की ज्योतीची टोके पिवळी होतात आणि जाळीवर काजळी धरते. बर्नरच्या नळीत शिरणारी हवा कमी-जास्त करणारी चकती पूर्ण उघडी आहे. माझ्या समजुतीप्रमाणे ब्युटेनला जळायला प्रोपेनपेक्षा जास्त हवा लागते, एका भागाला सुमारे ३१ भाग, जिथे प्रोपेनला २४ पुरतात. शिवाय आपला दाबही अकरा इंचांपेक्षा किंचित जास्त आहे. तेव्हा मूळ जेट आपल्या गॅससाठी थोडा मोठा पडत असावा. नॉब पाऊण उघडा ठेवला की ज्योत निळी राहते, त्यामुळे काम अडलेले नाही. तरीही किंचित लहान भोकाचा, त्याच आट्यांचा जेट नाशिकमध्ये कुठे पाडून मिळेल का, की कोरा जेट घेऊन सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये भोक पाडून घेणे बरे, हे सांगितल्यास उपकृत होईन.