खांदा तपासायचा क्रम कसा बसवायचा? (फायनल इयर, सोलापूर)

लूमगल्ली_०२: सिव्हिलला ऑर्थोची पोस्टिंग चालू आहे. गुडघा जमतो, खांदा आला की गाडी अडते. नीर, हॉकिन्स, जोब, गर्बर... टेस्टची नावंच संपत नाहीत. व्हिडिओच्या लिंका नकोत, तुम्ही स्वतः कसं करता ते सांगा.

हाडवैद्य: नावं बाजूला ठेव. बनियन काढायला लाव, दोन्ही खांदे उघडे हवेत. समोरून सगळेच बघतात, तू मागून बघ. स्कॅप्युलाच्या (पाठीवरचं खांद्याचं चपटं हाड) काट्याच्या वर किंवा खाली खळगा पडलाय का? मग कॉलरबोनवरून एसी जॉइंटपर्यंत (कॉलरबोन खांद्याच्या टोकाला जुळतं तिथे) चाचपत जा, नजर पेशंटच्या चेहऱ्यावर.
आता मुख्य गोष्ट. कोपर कमरेला चिकटवून ९० अंशांत वाकव आणि हात बाहेर फिरव, आधी त्याला स्वतःला करू दे, मग तू कर. तुझ्या हातानेही फिरत नसेल तर फ्रोझन शोल्डर किंवा सांध्याची झीज, एक्स-रे काढ. तू फिरवल्यावर पूर्ण फिरतो पण त्याला जमत नाही, तर कफ (सांध्याभोवतीचे स्नायू) किंवा नर्व्ह. हे ठरल्याशिवाय हॉकिन्स करूच नको. आखडलेला खांदा त्यात दुखणारच, कळत काहीच नाही.

फिजिओताई: सरांचं बरोबर, पण हात वर करताना स्कॅप्युलाच्या खालच्या टोकावर बोट ठेवा. यंत्रमागावरचे कामगार अख्खा खांदा उचकून हात वर नेतात आणि आपल्याला वाटतं हालचाल छान आहे. ६० ते १२० अंशांत दुखलं तर सुप्रास्पायनेटसकडे, म्हणजे कफच्या वरच्या स्नायूकडे, बघा. त्याच स्नायूची जोब टेस्ट मी अंगठा वर ठेवून करते. दुखतं कमी, ताकद तेवढीच कळते.
विडी वळणाऱ्या बायका आल्या तर पडदा ओढा, सिस्टरना थांबवा. बऱ्याच जणी तेलुगू बोलतात, तेव्हा तोंडी सूचना देत बसण्यापेक्षा स्वतः करून दाखवा. मानही तपासाच, अर्धी दुखणी तिथलीच निघतात.

अक्कलकोटरोड_जीपी: आखडलेला खांदा दिसला की शुगर बघा. आणि हालचाल सगळी मोकळी, दुखणं मात्र जिना चढताना, तर खांदा सोडा, दुखणं हृदयाचं असू शकतं, ईसीजी काढा.

लूमगल्ली_०२: सर, निखळलेल्या खांद्याचं?

हाडवैद्य: जुना, वारंवार निखळणारा असेल तर झोपवून हात ९० अंश बाजूला घे आणि हळूहळू बाहेर फिरव. तो घाबरून हात आवरेल, ती भीतीच पॉझिटिव्ह. नुसतं दुखणं नाही. ताजा असेल तर हे काही करायचं नाही. बसवण्याआधी डेल्टॉइडवर (खांद्याचा गोल स्नायू) बाहेरच्या बाजूला संवेदना बघ, ॲक्सिलरी नर्व्ह दुखावलीय का ते कळायला, आणि केसपेपरवर लिही. नंतर लिहिलंस तर बधिरपणा आपणच आणला असं होतं.