नवा फ्लू, घरात सीओपीडीचे सासरे आणि नवरात्र तोंडावर, तयारी नेमकी काय करायची?

मांजलपूरची_सून
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. बातम्यांमध्ये सारखं त्या बदललेल्या एच3एन2 फ्लूचं चाललंय आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर सकाळपासून रात्रीपर्यंत तेच, कोणी म्हणतं टॅमीफ्लू आणून ठेवा, कोणी म्हणतं कापराची पुरचुंडी हुंगा, मला काही सुधरत नाहीये. घरी सासरे 76 वर्षांचे, सीओपीडी म्हणजे फुप्फुसांचा जुनाट दम्यासारखा आजार आहे, श्वासाचे दोन पंप चालू असतात आणि साधी सर्दी झाली तरी त्यांना उठून बसायला आठवडा जातो. सासूबाईंना डायबेटीस. धाकटा सिनियर केजीत, शाळेतून सारखं काहीतरी घेऊन येतोच. मोठी अकरावीत, ती आत्ताच चणियाचोळी इस्त्री करून बसलीये, नऊच्या नऊ रात्री ग्राउंडवर जायचंय. मिस्टर म्हणतात या वर्षी गरबा बंद, त्यावरून रोज रडारड. अण्णा म्हणजे सासरे म्हणतात माझ्यापायी पोरीचं नवरात्र बुडवू नका, ते ऐकलं की मला आणखीनच कसंतरी होतं. फ्लॅट दोन बेडरूमचा आहे. लस आत्ता घ्यायची का नवीन यायची वाट बघायची? गोळ्या साठवायच्या का? मुलीला पाठवायचं का? ज्यांच्या घरी अशी वयस्कर माणसं आहेत त्यांनी प्लीज सांगा.

दांडियाबझार_मेडिकल
ताई, माझं मेडिकल स्टोअर आहे, म्हणून गोळ्यांचं मी सांगतो. टॅमीफ्लू म्हणजे ऑसेल्टामिविर, फ्लूच्या व्हायरसवरचं औषध, ते शेड्यूल एच1 मध्ये येतं, चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं आणि कोणी देत असेल तरी घेऊ नका. हे काही क्रोसिनसारखं कपाटात ठेवून वाटायचं औषध नाही, किडनी कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो आणि अण्णांच्या वयात ते डॉक्टरनेच ठरवायचं. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, लक्षणं सुरू झाल्यापासून 48 तासांच्या आत सुरू केलं तर त्याचा खरा फायदा. म्हणून गोळी साठवण्यापेक्षा डॉक्टरांना आजच विचारून ठेवा की अण्णांना ताप आला तर कोणाला फोन करायचा, रविवारी किंवा रात्री असेल तर काय. साठवायचं तर त्यांचे दोन्ही पंप आणि सासूबाईंच्या शुगरच्या गोळ्या महिनाभराच्या घेऊन ठेवा, लोक नेमकं हेच विसरतात आणि साथीच्या गर्दीत मग पंपासाठी रांगेत उभे राहतात.

लसीचं म्हणाल तर थांबू नका. डब्ल्यूएचओ वर्षातून दोनदा लसीत कोणते स्ट्रेन, म्हणजे व्हायरसचे प्रकार, घ्यायचे ते सांगतं, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिणेसाठी. बॉक्सवर सीझन छापलेला असतो, तो आणि एक्स्पायरी बघून ताजा स्टॉक मागा. फ्रिजमधून, म्हणजे 2 ते 8 डिग्रीतून काढून तुमच्यासमोर द्यायला हवी. व्हायरस बदलला तर लस तंतोतंत जुळत नाही हे खरंय, पण आजार छातीत उतरण्यापासून आणि हॉस्पिटलपासून बऱ्यापैकी वाचवते. अंगात ताकद यायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणजे नवरात्राचा विचार असेल तर याच आठवड्यात. केजीतला मुलगा पहिल्यांदाच घेत असेल तर त्याला चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतील.

कारेलीबागची_सिस्टर
मी आता रिटायर आहे पण 2015 च्या साथीत आयसोलेशन वॉर्डात ड्यूटी केलीये. त्या वर्षी स्वाइन फ्लूने देशात दोन हजारांच्या वर माणसं गेली आणि आपलं गुजरात सगळ्यात जास्त फटका बसलेल्या राज्यांत होतं, अमदावादमध्ये फेब्रुवारीत गर्दी होऊ नये म्हणून 144 लावली होती, आठवत असेल कोणाला. तेव्हा जे बघितलं त्यावरून लिहितेय.

वयस्कर माणसाला फ्लूमध्ये धो धो ताप येईलच असं नाही. घरचे थर्मामीटर बघत बसतात, 99 आहे, काही नाही, आणि म्हातारा माणूस मात्र संध्याकाळचा चहा नको म्हणतो, पेपर हातात घेतो आणि तसाच खाली ठेवतो, विचारलेल्याला उत्तर उशिरा देतो, बाथरूमला जाताना भिंत धरतो. हीच लक्षणं. सून असल्यामुळे हे सगळ्यात आधी तुला दिसेल म्हणून तुलाच सांगते, त्या दिवशीच डॉक्टरला दाखव, उद्या बघू म्हणू नकोस. श्वास जोरात चालणं, छातीत दुखणं, ओठ निळसर, थुंकीत रक्त, बरं वाटल्यावर दोन दिवसांनी पुन्हा ताप, यातलं काहीही दिसलं तर सरळ 108. ऑक्सिमीटर घरी असेलच, पण सीओपीडीवाल्यांचं ऑक्सिजन एरवीही थोडं कमी असतं, म्हणून अण्णा ठणठणीत असतानाचा आकडा आत्ताच आठवडाभर लिहून ठेव आणि किती खाली गेला की यायचं ते त्यांच्या डॉक्टरकडून लिहून घे. नाहीतर ऐन वेळी 92 दिसतं आणि ते नेहमीचं का नवीन हेच कळत नाही.

न्यूमोनियाची लस पण विचार, ती वेगळी असते.

लहान मुलाला तापात डिस्प्रिन किंवा ॲस्पिरिन कधीच नाही, फक्त पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे. आणि स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक सुरू करू नका, ते व्हायरसवर चालत नाही. 2023 मध्ये एच3एन2 पसरला तेव्हा आयएमएने, म्हणजे डॉक्टरांच्या संघटनेने सुद्धा हेच बजावलं होतं.

वाडीतले_काका
एवढं घाबरायचं काय कारण आहे मला खरंच कळत नाही. फ्लू दर वर्षी येतो. माझी आई 84 ची आहे, सुंठ, तुळस, गवती चहाचा काढा आणि रात्री ओव्याचा शेक, बास. टोचून घ्यायला ती तयारच नाही आणि मीही जबरदस्ती करणार नाही.

कारेलीबागची_सिस्टर
काका, काढा चालू ठेवा, घशाला आराम पडतो आणि पाणी पोटात जातं, ते चांगलंच. पण काढा घेऊनही 84 वर्षांची छाती 84 चीच राहते हो. आईंना टोचून घ्यायचं नसेल तर निदान तुम्ही, वहिनी आणि मुलं घ्या. त्या कुठे बाहेर जातात? आजार त्यांच्यापर्यंत तुमच्याच हातून पोचणार. वाफारा घेत असाल तर उकळतं पातेलं मुलांच्या जवळ नको, भाजलेली मुलं फार बघितलीत मी.

पुण्याहून_बडोद्याला
मी 2009 मध्ये पुण्यात होते. 3 ऑगस्टला स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू तिथे झाला आणि दुसऱ्या दिवसापासून साधं नाक गळणारे सुद्धा तपासणीला नायडू हॉस्पिटलकडे धावले, आजारी आणि धडधाकट सगळे एकाच रांगेत तासन् तास, तोंडाला रुमाल बांधून. आमच्याकडे तेव्हा मुलगा दोन वर्षांचा होता, आमच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की खेळतोय ना, पितोय ना, मग घरीच ठेवा, आणि तेच बरोबर होतं. सरकारच्या ए, बी, सी कॅटेगरी आहेत ना त्या याच्यासाठीच, साधा ताप-खोकला असेल तर टेस्ट नको, घरी आराम, वयस्कर किंवा आधीचा आजार असेल तर लवकर औषध, आणि दम लागला तर ॲडमिट आणि टेस्ट. आणखी एक, तेव्हा व्हायरस अगदीच नवा होता, नेहमीची लस त्याला चालत नव्हती आणि नवी यायला काही महिने गेले. आत्ताचा एच3एन2 जुन्याच घरातला आहे, लस हाताशी आहे, म्हणून मी तरी घ्याच म्हणेन.

गरब्याबद्दल माझं मत, मुलीला पूर्ण बंद करू नका. ग्राउंड उघड्यावर असतं, त्यापेक्षा एसी ट्यूशन क्लासची बंद खोली मला जास्त धोक्याची वाटते आणि तिथे तर आपण रोज पाठवतो. पण नऊ रात्री नकोत. सोसायटीतला शेरी गरबा करू दे, मोठ्या ग्राउंडवर दोन-तीन दिवस.

कारेलीबागची_सिस्टर
पटलं. फक्त मुलीला नीट समजावा की लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला देऊ शकतो, म्हणून मला तर काही होत नाहीये हे पुरेसं नाही. ग्राउंडवर जाईल ते दिवस आणि पुढचे तीन-चार दिवस तिने अण्णांच्या खोलीत जाताना मास्क लावायचा, पाणी त्यांना दुसऱ्या कोणी द्यायचं. घसा खवखवला तर त्या दिवशी गरबा रद्द, वाद नाही. आणि घरात कोणी आजारी पडलंच तर एक बेडरूम त्याला द्या, खिडकी उघडी, सेवा एकानेच करायची आणि ती सासूबाईंनी नाही. ताप पॅरासिटामॉलशिवाय 24 तास उतरलेला राहिला की मग बाहेर, धाकटा असेल तर आणखी थोडं थांबा, मुलं जास्त दिवस पसरवतात.

मांजलपूरची_सून
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, डोक्यावरचं ओझं उतरलं. काल रात्री मिस्टरांना हे सगळं वाचून दाखवलं. ठरलं असं की शनिवारी आम्ही चौघं आणि सासूबाई लस घेतोय, धाकट्याचा दुसरा डोस कॅलेंडरवर लिहिला. अष्टमी आणि नवमी मोठं ग्राउंड, बाकी शेरी. मुलगी आधी फुगली पण अण्णांच्या आकड्यांची वही तिनेच केलीये, सकाळ-संध्याकाळ स्वतः लिहिते (अर्थात मास्क लावून). आज सकाळी 94 होता.

एकच अडचण राहिली, आमची लिफ्ट बंद आहे आणि अण्णांना तीन मजले उतरून चढणं झेपत नाही. घरी येऊन लस देणारं कोणी आहे का?

दांडियाबझार_मेडिकल
आधी तुमच्या फॅमिली डॉक्टरांनाच विचारा, बरेच जण वयस्कर पेशंटसाठी येतात. व्हायल थंड बॉक्समध्ये आणायला सांगा आणि टोचल्यावर अर्धा तास त्यांना बसवून ठेवा, डॉक्टरांनाही तेवढं थांबायला सांगा. त्या दिवशी अण्णांना ताप असेल तर पुढे ढकला.