बाक निन्हमध्ये दोन वर्षे: हनोईत राहावे की कारखान्याजवळ?

प्रश्न (चाकणवासी)
मी चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. कंपनी मला दोन वर्षांसाठी उत्तर व्हिएतनाममधील बाक निन्हला पाठवीत आहे. पत्नी आणि सात वर्षांची मुलगी सोबत येतील. हनोईत घर घेऊन रोज सुमारे ३० किलोमीटर ये-जा करावी, की बाक निन्हमध्येच राहावे? आम्ही शाकाहारी आहोत. केवळ घरभाड्याविषयी नव्हे, तर तिथल्या माणसांत राहणे कसे असते याविषयीही कृपया लिहावे.

प्रतिसाद १ (उत्तरायण)
मी २०१९ ते २०२४ तिथे होतो. मुलीच्या शाळेसाठी हनोई सोयीचे आहे. तो प्रश्न नसता तर मी बाक निन्हच सुचवले असते.

१९८६ च्या ‘दोई मोई’ या आर्थिक सुधारणांच्या धोरणाने परदेशी भांडवलाला वाट मोकळी झाली, आणि २००९ साली सॅमसंगचा कारखाना इथे सुरू झाल्यावर भातखाचरांच्या जागी औद्योगिक वसाहती पसरत गेल्या. ज्यांची शेते गेली त्यांपैकी अनेकांनी उरलेल्या जागेत भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या केल्या, आणि दूरच्या डोंगराळ भागांतून आलेली विशी-बाविशीची मुले-मुली तिथे दाटीने राहतात. चाकण-महाळुंगे पाहिलेल्या माणसाला हे अनोळखी वाटणार नाही. पहिले वर्ष मी परदेशी व्यवस्थापकांच्या इमारतीत काढले आणि त्या गल्ल्या गाडीच्या काचेतूनच पाहिल्या, याची खंत मला अजून आहे.

भाषा मात्र पहिल्या दिवसापासून शिका. तिच्यात सहा सूर आहेत आणि सूर चुकला की शब्दच बदलतो. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘मी’ आणि ‘तुम्ही’ यांच्या जागी तिथे बहुधा नात्याचे शब्द येतात. थोरला भाऊ ‘आन्ह’, थोरली बहीण ‘ची’, धाकटे भावंड ‘एम’. म्हणूनच पहिल्या भेटीत वय विचारतात. त्यात आगाऊपणा नसतो. आपणही अनोळखी माणसाला दादा-ताई म्हणतो, परंतु तिथे स्वतःचा उल्लेखही त्याच नात्याने करावा लागतो. लाइनवरच्या मुलींशी बोलताना मी स्वतःला ‘आन्ह’ म्हणू लागलो, तेव्हापासून सदोष नग बाजूला सारण्याऐवजी त्या माझ्याकडे आणून दाखवू लागल्या.

प्रतिसाद २ (अन्नपूर्णा)
शाकाहारी जेवणाला तिथे ‘चाय’ म्हणतात. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक बौद्ध कुटुंबे मांसाहार टाळतात, त्यामुळे त्या दिवशी असे पदार्थ सहज मिळतात. एरवी भाजीतही ‘नुओक माम’ हा माशांचा अर्क घालतात. तो नको असल्याचे प्रत्येक वेळी सांगावे.

प्रतिसाद ३ (पाणवठा)
उत्तरायण यांच्याशी मी सहमत आहे, पण अडचणीही सांगायला हव्यात. हिवाळ्यात हनोई परिसरातील हवा फार वाईट असते. २०२३ च्या मे-जूनमध्ये धरणांतील पाणी आटल्याने उत्तरेत वीजकपात झाली आणि औद्योगिक वसाहतींनाही तिची झळ बसली. टेटला, म्हणजे चांद्र नववर्षाला, कामगार गावी जातात आणि खोल्यांच्या गल्ल्या ओस पडतात. सुट्टीनंतर काही जण परतत नाहीत, म्हणून तपासणीवरच्या नव्या माणसांच्या प्रशिक्षणासाठी वेळ आधीच राखून ठेवा.

चाकणवासी
आभारी आहे. शाळेमुळे हनोईच ठरवतो आहे, मात्र भाषेची शिकवणी तिघेही लावू. मुलीने शेजारच्या आजींशी बोलताना स्वतःला काय म्हणावे?

उत्तरायण
‘चाउ’, म्हणजे नात. आजींना ‘बा’ म्हणावे.