चार फुटी टाकीत ऑस्करची जोडी राहील का?

पाणवठा
आजवर गप्पी आणि मॉली हे छोटे मासे पाळले. छोटी टाकी अजून चालू आहे. आता सिक्लिड कुळातला, माणूस ओळखणारा मोठा मासा हवाय, त्यातल्या ऑस्करची जोडी डोक्यात आहे. अडचण जागेची. भिंतीशी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच एवढीच टाकी बसते. फिल्टरही एकच परवडेल. कृपया याच्या आतलं सुचवा.

मिठागर
सहा फुटीच घ्या. माझी सहा बाय दोन बाय दोन आहे, खाली संप, म्हणजे पाणी गाळायची वेगळी टाकी. दोन ऑस्कर, दोन्ही फूटभर. मी खोलीत आलो की काचेशी येऊन शेपट्या हलवतात. चार फुटीत जोडी म्हणजे वर्षभरात मारामारी. फर्निचर हलवा, पण टाकी मोठी घ्या.

खवले
ऑस्कर सगळेच पाळतात. फ्लॉवरहॉर्न घ्या! माझा नर सहा वर्षांचा आहे, चार फुटीत एकटा. डोक्यावरचा उंचवटा बघायला लोक घरी येतात. पाणी बदलताना हाताला चावतो, पण मला तेही आवडतं.

रानजाई
खवले, फ्लॉवरहॉर्न हा माणसाने संकर करून बनवलेला मासा आहे, नदीत कुठेच नाही. मला ते पटत नाही. ब्लड पॅरट हा दुसरा संकर तर त्याहून वाईट, बिचाऱ्याचं तोंडसुद्धा नीट मिटत नाही.

खवले
माझा मासा ठणठणीत आहे. संकर आहे म्हणून त्याने जगू नये का?

डोहकाठ
भांडण बाजूला ठेवून माझं ऐका. मी नवी टाकी भरली आणि दुसऱ्याच दिवशी ऑस्करची चार पिल्लं सोडली. अकराव्या दिवशी शेवटचं गेलं. पाणी आरशासारखं स्वच्छ होतं, म्हणून कळलंच नाही. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून तो तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. हे जिवाणू फिल्टरमध्ये वसायला चार ते सहा आठवडे लागतात. पाणवठा, तुमच्याकडे मॉलींची चालू टाकी आहे, हे तुमचं नशीब. तिच्यातला जुना स्पंज न धुता नव्या फिल्टरमध्ये टाका, बराच वेळ वाचेल. आणि टेस्ट किट घ्या. अमोनिया आणि नायट्राइट शून्य आल्याशिवाय मासा आणायचा नाही.

मिठागर
संप असला की हे प्रश्नच येत नाहीत.

डोहकाठ
येतात. संपमध्येही जिवाणू आधी वसावे लागतात.

भिंगरी
तुमची टाकी म्हणजे नऊ घनफूट, साधारण २५५ लिटर. काठोकाठ भरली तर नुसतं पाणीच २५५ किलो. काच, वाळू, स्टँड धरून तीनशेच्या वर जाईल. स्टँड लेव्हल बघूनच लावा. आमचा एका कोपऱ्यात किंचित झुकला होता, आठ महिन्यांनी मध्यरात्री जोड सुटला. पहाटेपर्यंत पाणी उपसत होतो.
एवढ्या टाकीत एक ऑस्कर कसाबसा राहील, जोडी नाही. दोन इंचांचं पिल्लू वर्षभरात दहा इंचांपर्यंत जातं आणि नीट ठेवलं तर दहा वर्षांच्या वर जगतं. त्यापेक्षा सेव्हरम घ्या. आठ इंचांचा, स्वभावाने शांत.

रानजाई
सेव्हरमला अनुमोदन. कोणताही घेतलात तरी झाकण घट्ट हवं, उडी मारतात. झाडं लावू नका, उपटून टाकतात. लाकडाला बांधलेला अनुबियस तेवढा टिकतो.

खवले
खायला जिवंत छोटे मासे द्या, रंग खुलतो.

डोहकाठ
अजिबात देऊ नका. बाजारातल्या स्वस्त माशांबरोबर रोग येतात. गोल्डफिशमध्ये थायमिनेज असतं, ते जीवनसत्त्व बी-१ नष्ट करतं. चांगले पेलेट, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्या मुख्य, अधूनमधून कोळंबी. आणि आठवड्याला निदान एक तृतीयांश पाणी बदला, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवून. माझ्या दुसऱ्या ऑस्करच्या डोक्याला खड्डे पडले होते. औषधापेक्षा पाणी बदलल्याचाच फरक जास्त दिसला.

सांजवेळ
कुणी सांगितलं नसेल तर सांगते, आधी टाकी सायकल करा, म्हणजे जिवाणू वसू द्या, मग मासा. आणि जॅक डेम्प्सी सोडून काहीही घ्या. एका मुष्टियोद्ध्याचं नाव त्याला दिलंय म्हणून मी हौसेने आणला. दोन वर्षं लाकडामागे लपून बसायचा. पाहुण्यांना कधी दिसलाच नाही. रात्री दिवा मंद केला की मात्र बाहेर यायचा, अंगभर निळे ठिपके चमकायचे.

मिठागर
म्हणूनच म्हणतो, सहा फुटी आणि ऑस्कर.

पाणवठा
सगळ्यांचे मनापासून आभार. जोडीचा विचार सोडला. ऑस्करही नको, माझ्या टाकीत त्याला वळायलाही अडचण होईल. सेव्हरमवर जवळपास ठरलं होतं, पण सांजवेळ यांचा प्रतिसाद तीनदा वाचला. एकच जॅक डेम्प्सी आणतोय. आठ ते दहा इंचांचा, एकट्याला ही टाकी पुरेल. मी कामावरून रात्री दहाला येतो, तेव्हा घरात दिवे मंदच असतात. पाहुण्यांना नाही दिसला तरी चालेल, मला दिसला म्हणजे झालं. फिल्टर कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेरचा बंद डब्याचा घेतोय, स्पंज कालच मॉलींच्या टाकीतून काढून ठेवला.

डोहकाठ
काढून ठेवला म्हणजे? कोरडा पडला तर जिवाणू मरतील! आत्ताच परत त्याच टाकीत टाका, नवा फिल्टर सुरू होईल त्याच दिवशी काढा.

पाणवठा
टाकला. बादलीत टाकीच्याच पाण्यात होता, ओला आहे. हीटर किती वॅटचा लागेल?

भिंगरी
लिटरला साधारण एक वॅट धरा. एकच मोठा घेण्यापेक्षा सव्वाशेच्या आसपासचे दोन लावा, एक बिघडला तरी पाणी एकदम गार पडत नाही. तापमान २५-२६ अंश ठेवा. आणि दोन्हींना जाळीचं आवरण घाला, मोठा सिक्लिड धडकला की काच फुटते.