मॉकला कंपायलरचे मॅक्रो दिसत नाहीत, लिंकर अडतोय

सेमीकोलन:
वजनकाट्याचं जुनं सॉफ्टवेअर विंडोजबरोबर रास्पबेरी पायवरही चालवायचंय. क्यूटी (सी++ची लायब्ररी) ५.१५, मेकफाइल (बिल्डच्या पायऱ्यांची फाइल) हाताने लिहिलेली, लॅपटॉपवरच पायच्या ६४-बिट आर्म प्रोसेसरसाठीच्या क्रॉस-कंपायलरने बिल्ड करते. सिरियल पोर्ट वाचणारा क्लास हेडरमध्ये '#इफडेफ __लिनक्स__'च्या (लिनक्स असेल तरच घ्या, या अटीच्या) आत आहे, त्यात क्यू_ऑब्जेक्ट (मॉकसाठीची खूण) आहे. जीसीसी गपगुमान कंपाइल करतो, तुकडे जोडणारा लिंकर म्हणतो व्हीटेबल (क्लासच्या व्हर्च्युअल फंक्शन्सचा तक्ता) सापडत नाही. क्यूटीचा मॉक हेडर वाचून अशा क्लासचा जादा कोड लिहितो, त्याने त्या हेडरवर 'कामाचा क्लास नाही' म्हणून हात वर केलेत. मॉक चालतोय लिनक्सवरच, मग त्याला लिनक्स कसं माहीत नाही? (मेकफाइल सोडून सीमेकवर जा, हे उत्तर नको. साहेब ऐकणार नाहीत.)

जुना मेकफाइलवाला:
मॉक कुठे चालतो याचा इथे संबंधच नाही. '__लिनक्स__' हा मॅक्रो (आधीच ठरवून ठेवलेलं नाव) जीसीसीच्या पोटात असतो, कुठल्याही हेडरमध्ये शोधून मिळणार नाही. मॉकचा प्रीप्रोसेसर (इफडेफ तपासणारा भाग) स्वतःचा, त्याला हे कुणी सांगितलेलंच नसतं. इफडेफ खोटा ठरतो, क्लास गायब.
क्रॉस-कंपायलरला '-डीएम -ई' देऊन रिकामी फाइल सी++ म्हणून खायला घाला. सगळे मॅक्रो छापून येतात. ते 'मॉक_प्रीडेफ्स.एच'मध्ये ठेवा आणि मॉकला '--इन्क्लूड'ने द्या. क्यूटी ५.८ पासून क्यूमेक आणि ३.१० पासून सीमेक हेच करतात, फक्त बोलत नाहीत. यादी लॅपटॉपच्या जीसीसीने काढू नका, आर्मऐवजी '__एक्स८६_६४__' येईल.

अर्धविराम:
इतका खटाटोप कशाला? इफडेफच्या अटीत 'किंवा क्यू_मॉक_रन' जोडा. मॉक चालताना तो असतोच.

जुना मेकफाइलवाला:
विंडोजचं बिल्डही याच हेडरवर आहे ना? तिथे मॉक क्लास बघून कोड लिहील आणि कंपायलरला तो क्लास दिसणारच नाही. दुखणं लिंकरकडून कंपायलरकडे सरकेल, बस.

सेमीकोलन:
झालं, काट्याचं वजन पायवर दिसतंय! डीबग आणि रिलीजला वेगळी यादी लागेल का?

जुना मेकफाइलवाला:
रिलीजला '-ओ२' (कोड वेगवान करणारा पर्याय) दिलं की '__ऑप्टिमाइझ__' येतो, म्हणजे काटेकोर बघितलं तर हो. पण त्यावर क्यू_ऑब्जेक्ट टांगणारा मला अजून भेटायचाय. '-एसटीडी' (सी++ची आवृत्ती) मात्र दोन्हीकडे एकच ठेवा. आणि ताई, मेकफाइलमध्ये मॉकच्या रूलला त्या फाइलची डिपेन्डन्सी लावा, नाहीतर '-जे८'वर (आठ कामं एकदम चालतात तेव्हा) कधीतरी अर्धवट लिहिलेली यादी उचलली जाईल.