मदत हवी आहे : ‘लेव्हल ४’ म्हणजे चौथी स्टेज का?

तासगावची लेक : वडिलांच्या बायॉप्सीचा रिपोर्ट काल सांगलीत हाती आला. त्यात ‘मेलॅनोमा (त्वचेचा एक कर्करोग), क्लार्क लेव्हल ४’ असे लिहिले आहे. डॉक्टरांची वेळ सोमवारची आहे आणि घरात कोणाच्याही घशाखाली घास उतरत नाही. ही चौथी स्टेजच ना? कृपया लवकर सांगावे.

स्लाइडवाला : मी मिरजेच्या एका प्रयोगशाळेत पंचवीस वर्षे स्लाइड रंगवल्या आहेत. डाग कोठे होता? ‘ब्रेस्लो थिकनेस’, म्हणजे गाठीची त्वचेत खोलवरची जाडी, किती मिलिमीटर? अल्सरेशन, म्हणजे वरची त्वचा फुटून झालेला व्रण, आहे का? मार्जिनला, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेला, पेशी आहेत का?

माणदेशी : चाकू लागला की हा आजार पसरतो, असा आमच्या मेव्हण्यांचा अनुभव आहे. आता पुन्हा कापू देऊ नका.

स्लाइडवाला : मेव्हण्यांचे दुःख मी समजू शकतो, परंतु बायॉप्सीमुळे कर्करोग पसरतो ही समजूत चुकीची आहे आणि या समजुतीपायी माणसे उपचार लांबवतात. कृपया असे सांगू नका.

वाईकर : महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड सोबत ठेवावे.

तासगावची लेक : योजनेचे नंतर पाहू. डाग डाव्या टाचेवर होता. कुरूप समजून बाबा दोन वर्षे त्यावर पट्टी लावून द्राक्षबागेत फिरत होते. थिकनेस १.६ आहे, अल्सरेशन नाही, मात्र कडेच्या मार्जिनला कर्करोगाच्या पेशी आहेत.

स्लाइडवाला : ताई, लेव्हल म्हणजे स्टेज नव्हे. पेशी त्वचेच्या कोणत्या थरापर्यंत उतरल्या, एवढेच क्लार्क लेव्हल सांगते. चौथी स्टेज म्हणजे आजार दूरच्या अवयवांत पोहोचलेला असणे, आणि ते या रिपोर्टवरून ठरतच नाही. आता खरा आकडा १.६ हाच आहे. १ ते २ मिलिमीटर जाडी असून अल्सरेशन नसेल, तर त्याला ‘टी२ए’ म्हणतात; ‘टी’ म्हणजे मूळ गाठ, आणि रिपोर्टवर त्याआधी पॅथॉलॉजीचा ‘पी’ लागतो. कडेला पेशी राहिल्या आहेतच, आणि या जाडीला एरवीही भोवतालची एक ते दोन सेंटिमीटर त्वचा पुन्हा काढावी लागेल, आणि त्याच वेळी जांघेतील सेंटिनल गाठ (आजार पसरलाच तर जिथे सर्वांत आधी पोहोचतो ती लसिका गाठ) तपासायची का, हे सोमवारी अवश्य विचारा, कारण स्टेज ठरवताना त्या गाठीला मोठे महत्त्व असते. स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक (मेणात जतन केलेला बायॉप्सीचा तुकडा) प्रयोगशाळेतून मागून घ्या. दुसरे मत घ्यायचे झाल्यास कागदापेक्षा तेच उपयोगी पडतात.

तासगावची लेक : शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ‘पीटी२ए’ आहे, ते आम्ही कोणी वाचलेच नव्हते. बाबांना आत्ताच दाखवले. उद्या सकाळी ब्लॉक आणायला जाते.