एक शब्द, शंभर भानगडी : 'लाइन'

मी मूळची अकोल्याची. आमच्याकडे वीज जात नाही, लाइन जाते. ठाण्यात नोकरीला आले तेव्हा एकदा फोनवर आई वैतागून म्हणाली, "सकाळपासून लाइन नाही गं." बाजूला बसलेल्या रूममेटने लगेच विचारलं, "कुठली? हार्बर?" तुमच्याकडे या शब्दाने काय गोंधळ घातलेत? लिहा.

डोंबिवलीकर : बहिणीसाठी स्थळं बघत होतो. मावशीचा पहिला प्रश्न, "मुलगा कुठल्या लाइनचा?" मध्यस्थ म्हणाले, "कॉम्प्युटर लाइनचा." मावशी म्हणे, "ते राहू द्या हो, सेंट्रल का वेस्टर्न?" बोरिवलीचा निघाला. रोज दादरला गाडी बदलायची या धास्तीनेच अर्धं घर गार.

लाइन बॉय : आम्ही पोलीस लाइनीत वाढलो. एका रांगेतल्या खोल्या, सामायिक नळ. गणपतीत लाइनीत एकाही पोराचा बाप घरी नसायचा, सगळे बंदोबस्तावर. विसर्जनाच्या रात्री आम्ही मिरवणूक बघायला जायचो ती खरं तर चौकात उभे असलेले वडील दिसतात का ते बघायला. दिसले तरी हाक मारायची नाही, असा आईचा दम.

बुलढाण्याहून : सासऱ्यांना दवाखान्यात ठेवलं होतं. रात्री सिस्टर आली, म्हणाली, "लाइन गेली यांची." मी वर बघितलं, पंखा तर गरगर फिरतोय! मग तिने सासऱ्यांचा हात दाखवला. सुई शिरेतून निसटून सलाइन बाहेर पाझरलं होतं, मनगट टम्म सुजलेलं. दुसऱ्या हाताला नवी लाइन टाकली.

चढाईपटू (निवृत्त) : लाइन मारण्याचे किस्से इतरांनी सांगावेत, बायको हा धागा वाचते. मी कबड्डीचं सांगतो. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, म्हणजे चढाईत ओलांडायची रेषा, तिच्यापुढे 1 मीटरवर बोनस लाइन. जादा गुण हवा तर समोर किमान सहा गडी असताना एक पाय बोनसपलीकडे टेकवायचा, दुसरा त्या वेळी हवेत. मॅटवर सोपं आहे हो. आमच्या गावच्या मैदानात फक्कीने आखलेली लाइन मध्यंतरापर्यंत पुसून जायची. मग पंच खाली वाकून माती न्याहाळणार, दोन्ही गावं कडेला उभी राहून शपथा घेणार. एका सामन्यात तर चढाई करणाऱ्याच्या टाचेला लागलेली फक्की हाच पुरावा धरला होता आणि गुण दिला होता!

शब्दवेडा : लॅटिनमध्ये लिनुम म्हणजे जवस. जवसाच्या धाग्याची दोरी ती लिनिया, तिचीच पुढे लाइन झाली. लिनन कापड आणि कोटाच्या आतलं लायनिंगही त्याच घराण्यातलं.

डोंबिवलीकर : @शब्दवेडा, म्हणजे आमचं स्थळ जवसामुळे मोडलं तर!